दाढेच्या इंजेक्शननंतर दोन-दोन दिसलं: थांबायचं केव्हा, धावायचं केव्हा

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका सूनबाईंचा आहे. थोडक्यात असा: सासूबाई चौसष्ट वर्षांच्या. मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. उजवीकडची वरची शेवटची दाढ किडून तुटली होती म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं. भुलीचं इंजेक्शन दिलं आणि दोन-तीन मिनिटांत त्या म्हणाल्या, "दोतोर, म्हाका दोन दोन दिसता." उजवी पापणी जड होऊन खाली आली, डोळ्याखाली गालावर रुपयाएवढा पांढराफटक चट्टा उमटला, छातीत धडधडलं. डॉक्टरांनी काम थांबवलं, डोळ्यावर गॉझ लावला आणि बसवून ठेवलं. अडीच तासांत सगळं पूर्ववत झालं. दाढ मात्र तशीच राहिली, आणि डावीकडची खालची एक दाढही काढायची आहे. आता शेजारीपाजारी म्हणतात, वरची दाढ काढली की नजर जाते, नशीब म्हणून वाचल्या. सासूबाई दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. हे कशामुळे झालं, पुढे डोळ्याला धोका आहे का, दाढा काढाव्यात की ठेवाव्यात आणि डॉक्टरांची चूक होती का, एवढं तुम्हाला हवंय.

आधी उत्तर, मग कारणं. डोळ्याला इजा झालेली नाही. भुलीचं औषध जिथे पोचायला नको तिथे थोडंसं पोचलं, तिथे त्याने आपलं नेहमीचंच काम केलं, आणि उतरल्यावर सगळं जागेवर आलं. दाढा काढायच्याच आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे त्या तोंडात ठेवण्याचा धोका काढण्यापेक्षा कितीतरी मोठा. डॉक्टरांबद्दल पुढे सांगते.

वरच्या दाढेचा आणि नजरेचा संबंध आपल्याकडे घरोघरी सांगितला जातो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत मी तो ऐकलाय, घाटावरून आलेल्या पेशंटकडूनही ऐकलाय. दाताला आणि चेहऱ्याला संवेदना देणारी नस एकच, पण तिच्या तीन फांद्या. वरची फांदी कपाळाकडे आणि डोळ्याच्या पृष्ठभागाकडे जाते, मधली वरच्या दातांकडे, खालची खालच्या जबड्याकडे. दिसण्याचं काम करणारी नस साफ वेगळी, ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते आणि तिचा दाताशी काही संबंध नाही. दाढ उपटल्याने ती ओढली जात नाही, तुटत नाही, सुकत नाही. मग हा समज इतका टिकला कसा? मला वाटतं, वयाच्या हिशेबामुळे. दात काढायची पाळी बहुतेकांवर पन्नाशी-साठीत येते आणि मोतीबिंदू, मधुमेहाने पडद्यावर होणारे बदल हेही त्याच सुमारास सुरू होतात. दाढ गेल्याची तारीख लक्षात राहते. मोतीबिंदूला तारीख नसते. मग दोष दाढेवर.

पण तुमच्या सासूबाईंना जे झालं ते मनाचे खेळ नव्हेत, हेही तितकंच खरं. ते दाढेमुळे नाही, इंजेक्शनमुळे झालं. आणि असं कधीतरी होतं हे आम्हाला पुस्तकात शिकवलेलं असतं, फक्त बऱ्याच डेंटिस्टना आख्ख्या कारकिर्दीत ते प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही.

सासूबाईंची समजूत घालायला एक गोष्ट उपयोगी पडेल. तुमच्या वाड्यावर कुणाचं ना कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंच असेल. आता पुष्कळदा नुसते थेंब घालून होतं, पण अनेकांना अजूनही डोळ्याच्या खोबणीत इंजेक्शन देतात. त्यात काय असतं? लिग्नोकेन, म्हणजे आम्ही दातासाठी वापरतो तेच, बहुधा जोडीला जास्त वेळ टिकणारं दुसरं औषध. त्यानंतर काही तास डोळा हलत नाही, पापणी उचलत नाही, बाहुली मोठी होते, कधीकधी दिसणंही मंदावतं. संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळी सगळं परत येतं. म्हणजे सासूबाईंना चुकून जे थोडं झालं, ते नेत्रतज्ज्ञ रोज मुद्दाम आणि पूर्ण करतात. खरं तर या औषधांचा वैद्यकातला प्रवेशच डोळ्यातून झाला. 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच औषध टोचून खालच्या जबड्याची नस बधिर केली. कोकेन गेलं, 1940 च्या दशकात लिग्नोकेन आलं, ते अजून टिकून आहे.

आता औषध डोळ्यापर्यंत पोचलं कसं, हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

वरच्या मागच्या दाढांसाठी एक ब्लॉक देतात, म्हणजे नसेजवळ औषध टाकून तिच्या हद्दीतला सगळा भाग बधिर करणारं इंजेक्शन. गाल बाहेर ओढून, शेवटच्या दाढेच्या वर, जबड्याचं हाड मागे जिथे फुगीर होतं त्याला लगटून सुई वर, मागे आणि आत न्यायची. सरासरी मोठ्या माणसात सुमारे 16 मिलिमीटर खोल. सांगायला सोपं आहे, पण तिथे सुईला भिडणारं हाड नाही, पुढे काही लागलं म्हणून थांबावं अशी खूण नाही. सगळं अंदाजाने. आणि ही जागा म्हणजे शिरांचं जाळंच. त्या जाळ्यातून एक वाट डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी असलेल्या फटीतून वर जाते, दुसरी कवटीच्या आत, डोळ्याच्या मागे असलेल्या रक्ताच्या कप्प्यात. त्या कप्प्यातून डोळा हलवणाऱ्या नसा जातात. त्यातल्या बाकीच्या कप्प्याच्या भिंतीत असतात. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस मात्र कप्प्याच्या पोटातून, रक्तातूनच जाते. म्हणून औषध शिरांच्या वाटेने गेलं की पहिला फटका बहुधा तिलाच बसतो: डोळा कानाकडे वळत नाही आणि त्या बाजूला बघताना एकाचे दोन दिसतात.

दुसरी वाट धमनीची. ती समजायला थोडी विचित्र आहे, कारण धमनीत रक्त पुढे जातं, मग औषध मागे कसं जाईल? चेहऱ्याला रक्त देणारी धमनी वेगळी आणि डोळ्याला रक्त देणारी वेगळी. मानेतच त्या दोन वाटांनी फुटतात. पण पुढे जाऊन त्यांच्या बारीक फांद्या कवटीच्या तळाशी एकमेकींना मिळतात. मांडवी आणि जुवारी वेगवेगळ्या वाहतात, पण मध्ये कुंभारजुव्याचा कालवा आहे ना, भरती चढली की एकीचं पाणी त्यातून दुसरीकडे ढकललं जातं, तसं. इथली भरती म्हणजे डॉक्टरांचा अंगठा. सुईचं टोक धमनीत असेल आणि दट्ट्या जोराने दाबला, तर काही क्षण औषधाचा दाब रक्ताच्या दाबापेक्षा जास्त होतो. औषध उलट्या दिशेने मोठ्या धमनीपर्यंत जातं आणि तिथून दुसऱ्या फांद्यांत शिरतं. काही माणसांत हा जोड जन्मतःच रुंद असतो. थोड्या लोकांत तर डोळ्याची मुख्य धमनीच चेहऱ्याकडच्या बाजूने निघते. बाहेरून हे कुणालाही दिसत नाही.

तिसरी वाट सगळ्यांत साधी. सुई जरा खोल गेली किंवा औषध जास्त पडलं, तर ते नुसतं पाझरत हाडामधल्या फटीतून खोबणीत पोचतं. रक्तवाहिनीचा संबंधच नाही. यात त्रास लगेच दिसत नाही, काही मिनिटांनी हळूहळू चढतो आणि भूल असेपर्यंत टिकतो.

सासूबाईंना मी तपासलेलं नाही, तरी तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी बोलक्या आहेत. गालावरचा पांढरा चट्टा, छातीतली धडधड, आणि दोन-तीन मिनिटांत सुरू होणं. डोळ्याखालच्या गालाला रक्त देणारी धमनी आणि मागच्या दाढांना देणारी धमनी या बहुतेकांत अगदी शेजारी, पुष्कळदा एकाच बुंध्यातून निघतात. औषधात ॲड्रिनलिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे ते ज्या धमनीत शिरतं तिच्या हद्दीतली कातडी पांढरी पडते. धडधडही त्याचीच, आणि थोडी भीतीची. माझा अंदाज, थोडं औषध धमनीत गेलं, काही पाझरून खोबणीत पोचलं, आणि पापणी उचलणाऱ्या व डोळा हलवणाऱ्या स्नायूंना त्याने काही काळ सुन्न केलं. धमनीतून गेलेला भाग लवकर वाहून जातो. अडीच तास लागले याचा अर्थ पाझरलेलं औषधही असावं.

प्रमाण किती, तेही बघा. आपल्याकडे नेहमीचं औषध म्हणजे 2 टक्के लिग्नोकेन, त्यात 1:80,000 ॲड्रिनलिन. एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम लिग्नोकेन आणि साडेबारा मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन. दीड-दोन मिलिलिटर दिलं असेल, त्यातला अगदी थोडा अंश डोळ्याकडे गेला. तो शरीरातून उतरतो. सहा महिन्यांनी परत डोकं वर काढेल असं त्यात काही उरत नाही.

अशी गडबड फक्त वरच्या दाढेच्या इंजेक्शनने होते असंही नाही. खालच्या दाढांसाठी जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात जो ब्लॉक देतात, त्यातूनही धमनीच्या वाटेने डोळ्यापर्यंत औषध गेल्याची उदाहरणं आहेत. पुढच्या वरच्या दातांसाठी डोळ्याखालच्या छिद्राजवळ देतात, तिथे सुई छिद्रातून आत गेली तर औषध थेट खोबणीच्या तळाशी पडतं. आणखी एक प्रकार आहे, तो लोकांना जास्त घाबरवतो: खालच्या दाढेच्या इंजेक्शनमध्ये सुई फार मागे गेली तर औषध कानाजवळच्या लाळग्रंथीत पडतं, तिच्यातून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस जाते, आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो. घरच्यांना वाटतं अर्धांगवायू झाला. यात दिसण्यात काही बिघाड नसतो, पण पापणी मिटत नसल्याने डोळा सुकतो. तो हाताने मिटवून पट्टी लावायची, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, आणि काही तास वाट बघायची. क्वचित मानेतल्या नसांवर परिणाम होऊन पापणी किंचित खाली आणि बाहुली बारीक होते. तेही उतरतं.

आता सगळ्यांत कामाचं. दोन दिसणं आणि न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली पहिली थांबायची, दुसरी धावायची.

घरीही करता येईल अशी तपासणी आहे. पेशंटला समोर बसवा. एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, बोटाने दाबून नव्हे. हाताभरावर बोटं धरा, किती ते विचारा. मग दुसरा डोळा झाका, परत विचारा. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघताना बोटं नीट मोजता येत असतील, आणि दोन्ही उघडल्यावरच दोन-दोन दिसत असतील, तर पडदा ठीक आहे, दिसण्याची नस ठीक आहे. डोळे एकमेकांच्या रेषेत नाहीत, एवढंच. असं असेल तर टोचलेल्या बाजूच्या डोळ्यावर हलकं झाकण लावून बसवून ठेवायचं. झाकलं की दोन दिसणं थांबतं आणि चक्कर, मळमळ कमी होते. पाणी द्या, धीर द्या. जिना उतरायला हात धरा, कारण एका डोळ्याने पायरीची खोली कळत नाही. स्कूटर त्या दिवशी चालवायची नाही. फेरीतून जायचं असेल तर रॅम्पवर विशेष सांभाळून. सहसा भूल उतरते तसं हे उतरतं. सहा तास झाले तरी डोळा जागेवर आला नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं.

पण एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने बोटं दिसत नाहीत, हात हललेला कळत नाही, किंवा उजेडही कळत नाही, तर त्याला थांबणं नाही. मिनिट मोजू नका, तासाभराने बघू म्हणू नका. अशा प्रकारातसुद्धा बहुतेकांची नजर काही वेळात परत येते, पण डोळ्याच्या पडद्याची धमनी आवळली किंवा बंद झाली असेल तर पडदा रक्ताविना फार तग धरत नाही. त्याचा हिशेब तासांचा असतो, दिवसांचा नाही. कायमची नजर गेल्याच्या घटना अत्यंत दुर्मीळ, पण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेलेल्या आहेत. साखळीहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) म्हणजे तासाभराची वाट, तेव्हा 108 ला फोन करायचा आणि डॉक्टरांनी त्याच वेळी तिथल्या नेत्रविभागाला कळवायचं. "आधी घरी जाऊन पडा, संध्याकाळी फोन करा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

दोन्ही डोळ्यांपुढे एकदम अंधारी येणं हा तिसरा प्रकार. घाम, कानात आवाज, हातपाय गार. ही घेरी. खुर्ची आडवी करून पाय वर केले की दोन मिनिटांत उतरते. आमच्याकडे रोजची गोष्ट आहे, विशेषतः उपाशी आलेल्यांची. इंजेक्शनचा डोळ्यावरचा परिणाम जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, टोचलेल्या बाजूला असतो. आणि टोचलेल्या बाजूशी न जुळणारं काही दिसलं, म्हणजे बोलणं अडखळणं, हाताची ताकद जाणं, तोंड वाकडं होऊनही कपाळाला आठ्या व्यवस्थित पडणं, तर तो दाताचा विषय नाही. बीपी-मधुमेहाच्या माणसात पक्षाघात दाताच्या खुर्चीवरही होऊ शकतो. कपाळाचं लक्षात ठेवा: भुलीमुळे चेहरा लुळा पडतो तेव्हा त्या बाजूचं कपाळही सहसा हलत नाही, मेंदूतल्या झटक्यात सहसा हलतं.

डॉक्टरांची चूक? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी दिसत नाही. इंजेक्शन देण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येतं का बघायचं असतं. ते त्यांनी केलं की नाही, तुम्हाला बाहेर बसून कळणार नाही, मलाही नाही. पण ते करूनही हे होऊ शकतं. सुईचं तिरकं टोक शिरेच्या भिंतीला चिकटलं असेल तर ओढलं तरी रक्त येत नाही आणि दाबलं की औषध आत जातं. शिवाय औषध पाझरत गेलं तर रक्त येण्याचा प्रश्नच नाही. माझ्या मते डॉक्टर ओळखावा तो पुढच्या पाच मिनिटांत. यांनी काम थांबवलं, काय चाललंय ते ओळखलं, पेशंटला घरी न पाठवता नजरेसमोर ठेवलं. घाईघाईत दाढ उपटून मोकळे झाले नाहीत, ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडली. एकच राहिलं, ते अजून करून घ्या: त्यांच्याकडून लिहून घ्या. कोणतं औषध, किती टक्के, किती मिलिलिटर, कोणत्या बाजूला, कोणत्या पद्धतीने, किती वाजता काय झालं आणि किती वाजता उतरलं. अर्ध्या पानाची चिठ्ठी. भांडायला नव्हे, पुढच्या डॉक्टरला दाखवायला. मागितल्यावर कुणी चिडत असेल तर मात्र दुसरा दवाखाना बघा.

हे वाचणाऱ्या तरुण डेंटिस्टांसाठी थोडं. खालच्या ब्लॉकमध्ये ओढल्यावर रक्त येण्याचं प्रमाण 10 ते 15 टक्के सांगतात, वरच्या मागच्या ब्लॉकमध्ये 3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खालच्या ब्लॉकमध्ये दर सात-दहा पेशंटांत एकदा सुई रक्तवाहिनीत असते, आणि आपल्याला ते कळायला एक सेकंदाचं काम. एकदा ओढा, सिरिंज थोडी फिरवून टोकाची दिशा बदला, परत ओढा. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी मोठ्या बाटलीतून साध्या प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये औषध भरतात. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही, त्या सिरिंजने ओढता येतं. उलट काही चकचकीत धातूच्या सिरिंजमध्ये ओढायची सोयच नसते, त्या ब्लॉकसाठी वापरू नयेत. अडचण सुईच्या लांबीची आहे. दीड इंची सुई म्हणजे 38 मिलिमीटर, आणि वरच्या ब्लॉकला लागतात 16. अर्ध्याहून जास्त सुई बाहेर दिसत राहिली पाहिजे. ती दिसेनाशी झाली तर तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि अंगठा आवरा. एक मिलिलिटरला एक मिनिट हा आदर्श. तेवढं नाही जमलं तरी दोन मिलिलिटर दहा सेकंदांत ढकलणं म्हणजे औषधाला उलट्या वाटेने पाठवायचं आमंत्रण. गावोगावच्या शिबिरांत रांग लागलेली असते तेव्हाच हा अंगठा सुटतो. ब्लॉकपूर्वी पेशंटला एक वाक्य सांगून ठेवा: काही वेगळं दिसायला लागलं तर हात वर करा. संमतीपत्रकात आंधळेपणाचा उल्लेख करून दर पेशंटला घाबरवण्याच्या मी विरुद्ध आहे, पण हे वाक्य सांगायला काही जात नाही.

परत सासूबाईंकडे. एक सावधगिरी, आणि ती त्यांच्या मधुमेहामुळे. आता काही दिवसांनी किंवा महिन्यांनी पुन्हा दोन-दोन दिसायला लागलं, तर ते त्या इंजेक्शनचं नव्हे. मधुमेहात डोळा हलवणाऱ्या नसांचा रक्तपुरवठा कमी पडून एखादी नस अचानक लुळी पडू शकते. त्यातही सहावी असते. ती बरी होते, पण काही आठवडे ते महिने लागतात, आणि साखर व बीपी ताब्यात आणावे लागतात. घरचे "ते दाढेचंच" म्हणून बसून राहतात, आणि हे मला जास्त घातक वाटतं. तसं काही झालं तर डेंटिस्टकडे नको, थेट नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियन. एरवीही मधुमेह आहे म्हटल्यावर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा असतो. अजून झाला नसेल तर या निमित्ताने करून घ्या.

दाढ ठेवण्याचा धोका म्हणाले, तो काय ते सांगते. वरच्या दातांच्या मुळाशी पू झाला की सूज गालात आणि तिथून डोळ्याखाली चढते. सकाळी उठल्यावर पापणी सुजून डोळा बंद, असे पेशंट येतात. बहुतेक औषधांनी आणि पू काढून टाकल्यावर सुधारतात. पण ज्या शिरांच्या वाटेने औषध डोळ्यामागे जाऊ शकतं असं मघाशी म्हटलं, त्याच वाटेने जंतूही जाऊ शकतात. मग डोळ्यामागच्या त्या कप्प्यात रक्त गोठतं, थंडीवाजून ताप येतो, डोळा पुढे येतो, हलेनासा होतो, आणि एका डोळ्याचं दुसऱ्यात पसरतं. हा जिवावरचा आजार आहे. तो क्वचित होतो, पण होतो तेव्हा साखर न आवरलेल्या माणसात होण्याची शक्यता जास्त. म्हणजे शेजारणीचं म्हणणं उलटं करून सांगायला हवं: किडलेली वरची दाढ काढल्याने नजर जात नाही, सडत ठेवल्याने जाऊ शकते.

मग काढायच्या कशा? वरच्या दाढेसाठी तो मागचा ब्लॉक टाळता येईल. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, दाढेच्या अगदी बाजूला गालाकडून थोडं आणि टाळूकडून थोडं औषध दिलं तरी ते हाडातून मुळापर्यंत झिरपतं आणि दाढ निघते. अर्टिकेन हे औषध त्यासाठी चांगलं. खालच्या दाढेला बहुधा ब्लॉक लागतोच, खालचं हाड घट्ट असतं. तो द्यायला हरकत नाही, एकदा असं झालं म्हणून तो वर्ज्य होत नाही. काही जण दाढेभोवतीच्या फटीत थोडं थोडं टोचून काम करतात, सैल दाढेला तेवढ्यावरही भागतं. बीपी आहे म्हणून ॲड्रिनलिन बेताचं ठेवायचं. हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी एका बैठकीत 0.04 मिलिग्रॅम ही मर्यादा मानतात, म्हणजे 1:80,000 चं सुमारे तीन मिलिलिटर. एका वेळी एकच दाढ काढली तर ते सहज बसतं. ही ॲलर्जी नव्हती, तेव्हा "मला दाताचं इंजेक्शन चालत नाही" असं सासूबाईंनी कुठे सांगू नये. एकदा ते केसपेपरवर चढलं की उद्या कुठल्याही टाक्याला अडचण.

त्याच डॉक्टरांकडे जायला माझी हरकत नाही. त्यांना ही बाई आता चांगलीच लक्षात असेल. सासूबाईंचं मन तयार होत नसेल तर बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजच्या ओरल सर्जरी विभागात न्या. गोमेकॉ शेजारीच आहे, नेत्रविभाग हाकेच्या अंतरावर, आणि त्यांना धीर वाटेल तो त्यानेच. ती चिठ्ठी सोबत घ्या, साखरेचा ताजा रिपोर्ट घ्या. नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या वेळेवर झालेल्या हव्यात, सोमवार-एकादशीचा उपास असेल तो दिवस टाळा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. दुपारनंतरची वेळ घेऊ नका, सकाळचीच घ्या. काही झालंच तर डोळ्यांची ओपीडी त्या वेळी उघडी असते.